पहिल्या बॅगेसाठी कोणतं चामडं: व्हेज टॅन की क्रोम टॅन?

घरी बसून हातानं चामड्याची बॅग शिवायला घेणाऱ्याची पहिली चूक बहुधा शिवताना होत नाही, चामडं निवडताना होते. समोर दोन तुकडे असतात. एक ताठ, फिकट, जरा पुठ्ठ्यासारखा. दुसरा मऊ, रंगीत, हातात घेतला की ओघळणारा. हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. मऊ आहे म्हणजे सुई सहज जाईल, काम पटकन होईल, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं, आणि ते कळेपर्यंत चामडं कापून झालेलं असतं. म्हणून विकत घेण्याआधी पाच मिनिटं थांबा.

हा फरक येतो तो कमावण्यातून. कच्चं कातडं कुजतं. ते टिकावं म्हणून त्यातले तंतू कशानं तरी बांधून ठेवावे लागतात. व्हेज टॅनमध्ये हे काम झाडांच्या सालीतलं, लाकडातलं, फळांतलं टॅनिन करतं. ओक, चेस्टनट, मिमोसा, क्वेब्राचो, हिरडा, बाभूळ ही त्यातली नेहमीची नावं. टॅनिन आत मुरायला वेळ घेतं: फिरत्या पिंपात काही आठवडे, जुन्या पद्धतीच्या हौदांत वर्षभरसुद्धा. क्रोम टॅनमध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात आणि कमावण्याचं मुख्य काम साधारण दिवसभरात उरकतं. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमनंच कमावलं जातं.

टॅनिन तंतूंमधल्या मोकळ्या जागा भरून काढतं, म्हणून व्हेज टॅन भरीव आणि ताठ लागतं. क्रोमियम फार थोडं आत राहतं, तंतू सुटे राहतात, म्हणून क्रोमचं चामडं लवचीक असतं आणि ताणलं जातं. या एका गोष्टीवरून पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

शिवताना

हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. दोरा शिवणीच्या साधारण चौपट लांब घ्यावा लागतो. दर टाक्याला दोन्ही हातांनी सारखा ताण द्यायचा असतो. हा टाका एके ठिकाणी तुटला तरी शिवण उसवत नाही, म्हणून तर एवढा खटाटोप.

आता हाच ताण दोन्ही चामड्यांवर काय करतो ते पाहा. व्हेज टॅनवर ३ किंवा ४ मि.मी. अंतरानं भोकं पाडली की ती जागची हलत नाहीत. दोरा ओढला की टाका चामड्यात किंचित रुततो आणि ओळ सरळ राहते. मऊ क्रोमवर भोक पाडताना चामडं आधी ताणलं जातं, मग फाटतं, मग परत मिटतं. सुई भोक शोधत बसते. दोरा जरा जास्त ओढला की शिवणीला चुण्या पडतात.

माझी पहिली मोठी बॅग गडद निळ्या क्रोमची होती, जाडी जेमतेम १.२ मि.मी. बाजूची पट्टी आणि पुढचा भाग दोन्ही अगदी मोजून कापले होते. शिवत शिवत खालच्या कोपऱ्याला वळसा घालून वर आल्यावर पाहिलं तर पट्टी बोटाच्या पेराएवढी जास्त उरली होती. शिवण चुकली नव्हती. पट्टी मी कातड्याच्या पोटाकडच्या भागातून आडवी कापली होती, आणि पोटाचा भाग सगळ्यात जास्त ताणतो. प्रत्येक टाक्याला ती केसभर लांब होत गेली होती. सगळं उसवलं, पण जुनी भोकं काही बुजत नाहीत. निळ्या चामड्यावर ती ओळ तशीच दिसत राहिली.

याला उपाय आहेत. दोन्ही भाग कातड्याच्या एकाच दिशेनं कापायचे, आतून न ताणणारं अस्तर चिकटवायचं, आणि सेंटिमीटर मोजण्याऐवजी दोन्ही बाजूंची भोकं मोजायची. पण हे उपाय करायचे असतात हे सुरुवातीला सांगणारं कुणी नसतं. शिलाई मशीन असेल तर गोष्ट वेगळी. पातळ क्रोमचे दोन पदर चामड्याच्या सुईनं घरच्या मशीनवरही नीट शिवले जातात, आणि मऊ चामड्याला मशीनचा टाका शोभतोही.

कड

माझ्या मते निवड इथंच व्हावी. बॅग हाती घेतल्यावर बघणारा आधी कड बघतो.

व्हेज टॅनची कड घोटता येते. शिवून झाल्यावर पदर एकसारखे कापायचे, कडेचा धारदार कोपरा तासून काढायचा, ४०० मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं. मग बोटानं पाणी किंवा डिंकाचं पातळ पाणी लावायचं आणि खाच असलेल्या लाकडी दांड्यानं घासत राहायचं. सुरुवातीला कड मळकट आणि केसाळ दिसते. दहा-पंधरा सेकंदांत लाकडाखाली ऊब जाणवते, आवाज बदलतो, खरखर थांबून दांडा घसरायला लागतो. कपड्यानं पुसलं की दोन पदरांमधली रेघ नाहीशी झालेली असते आणि कड काचेसारखी चमकते. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी तो तुकडा संध्याकाळपर्यंत खिशात घेऊन फिरत होते.

क्रोमची कड असं काही करत नाही. पाणी लावून कितीही घासा, सुटे तंतू परत वर येतात. मग दोन मार्ग उरतात. एक म्हणजे कडेचा रंग: पातळ थर, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर, असं तीन-चार वेळा. थर जाड झाला की वाकणाऱ्या जागी तडा जातो. दुसरा मार्ग कड दुमडण्याचा. त्यासाठी कडेचं चामडं मागून छिलून निम्म्याहून पातळ करावं लागतं, आणि मऊ चामडं छिलताना धार जरा बोथट असली की रापी (चामडं छिलायची सुरी) थेट आरपार जाते. हे कसब हळूहळू येतं. पहिल्याच कामात त्याची अपेक्षा धरू नका.

डाग, रंग आणि पाऊस

इथं मात्र क्रोमचं पारडं जड आहे. त्यावर पाण्याचे थेंब पडले तर पुसून टाकायचे, बस्स. रंगही हवे तितके भडक मिळतात आणि बरेचसे टिकतात. साधं, रंग न दिलेलं व्हेज टॅन मात्र सगळं लक्षात ठेवतं. नखाचा ओरखडा, तेलाचं बोट, पावसाचा थेंब, सगळं उमटतं. उन्हानं आणि हाताळण्यानं ते मधाच्या रंगावरून तपकिरीकडे जातं. काहींना हेच हवं असतं (मला हवं असतं), पण दिल्या दिवशी होती तशीच बॅग वर्षभर राहावी असं वाटणाऱ्याला ते दुःखच देतं.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. ओल्या व्हेज टॅनवर लोखंड टेकू देऊ नका. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. जुनी काळी शाई याच मेळातून बनवत असत. ओल्या चामड्यावर विसरलेली पट्टी किंवा घासलेल्या अवजाराचा कीस एवढंही पुरतं. याच गुणाचा उपयोग करून, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून, काही जण चामडं मुद्दाम काळं करतात.

उलट, ओलं केलेलं व्हेज टॅन हवा तो आकार घेतं आणि वाळल्यावर धरून ठेवतं. त्यावर नक्षी ठोकता येते, चष्म्याचं घर साच्यावर बसवता येतं. क्रोमवर ठोकलेली नक्षी थोड्याच वेळात विरून जाते.

वजनाचाही विचार करा. २ मि.मी. जाडीचं एक चौरस मीटर चामडं दोन किलोच्या आसपास भरतं. रोज खांद्यावर घ्यायची मोठी बॅग जाड व्हेज टॅनची केली तर ती रिकामी असतानाच जाणवते.

त्वचा आणि पर्यावरण

क्रोम विषारी आणि व्हेज टॅन शुद्ध, इतकं सरळ हे नाही. कमावताना वापरतात ते तीन-संयुजी क्रोमियम. खरा त्रास त्याच धातूच्या दुसऱ्या रासायनिक रूपाचा, सहा-संयुजी क्रोमियमचा. चामडं नीट कमावलेलं नसेल किंवा फार उष्णतेत राहिलं तर ते तयार होऊ शकतं. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत ते किलोमागे ३ मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त नसावं असा नियम युरोपीय संघात २०१५ पासून आहे. ज्यांना क्रोमची ॲलर्जी आहे त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला व्हेज टॅनच बरं. आणि सांडपाणी दोन्ही पद्धतींत निघतं. ते कारखाना कसं हाताळतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मग घ्यायचं काय

कार्डाचं पाकीट, किल्ल्यांची पट्टी, कमरेचा पट्टा, वहीचं कव्हर, आकार धरून उभी राहणारी छोटी बॅग: व्हेज टॅन, दुसरा विचार नको. पाकिटाला १ ते १.२ मि.मी., छोट्या बॅगेला २ च्या आसपास, पट्ट्याला ३ ते ४. कातड्याच्या पाठीचा किंवा खांद्याचा भाग मागा, पोटाचा नको.

मऊ, खाली सैल पडणारी, रंगीत आणि पावसात न्यायची बॅग हवी असेल तर क्रोमच. फक्त ती पहिली नसावी. आधी दोन-तीन लहान वस्तू व्हेज टॅनच्या शिवून हात बसू द्या. क्रोमनं कमावून वर टॅनिनचा हात दिलेली चामडीही मिळतात. ती मऊ असून बऱ्यापैकी भरीव असतात. दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी तो चांगला मधला रस्ता आहे.

कोणतं कुठलं हे कळत नसेल तर कापलेली कड बघा. आतून तपकिरी आणि भरीव असेल तर बहुधा व्हेज टॅन. मधोमध निळसर-राखाडी रेघ असेल तर क्रोम. रंग आरपार दिलेला असला की ही खूण लपते. अशा वेळी एखादा टाकाऊ तुकडा ओला करून लाकडानं घासून पाहा. कड गुळगुळीत झाली की उत्तर मिळालं.

त्या निळ्या चामड्याची मी शेवटी अस्तर लावून दोरी ओढून बंद करायची लहान पिशवी केली. भोकांची ती ओळ आतल्या दुमडीत गेली. पट्टा मात्र व्हेज टॅनचा घातला, पाठीच्या भागातून लांबीच्या दिशेनं कापलेला, ३ मि.मी. जाड. चार वर्षांत तो पार काळपट तपकिरी झालाय, पण बक्कल अजून त्याच भोकात बसतं.