निवासमंडपाचं लाकडी किट: मेज झकास, भाकरींचं काय केलंय हे?

संडे स्कूलसाठी ऑनलाइन मागवलेलं किट आहे, मोशेच्या काळातल्या निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूतल्या मंदिराचं, जोडायचं मॉडेल. लेझरने कापलेले एमडीएफचे तुकडे, पडद्यांचं कापड, दोऱ्या, सोनेरी रंगाची बाटली आणि मराठी माहितीपुस्तिका. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, पण असं किट घ्यायचा विचार असेल तर समर्पित भाकरींच्या (देवासमोर कायम मांडून ठेवायच्या भाकरींच्या) मेजाबद्दल आधी वाचा, कारण बाकी सगळं ठीकठाक असून नेमकी तिथेच गडबड आहे.

आधी चांगलं सांगते. अंगण, होमवेदी, गंगाळ, पडदे सगळं नीट बसतं, मुलांना जमतं. मेज तर खरंच छान केलंय, बायबलमधल्या निर्गम 25 मध्ये दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच असं माप आहे म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण 90 बाय 45 सेंटिमीटर आणि 68च्या आसपास उंची, ते प्रमाण बरोबर पाळलंय. कडेची पट्टी आहे, चार कड्या आहेत, दांडे आत-बाहेर सरकतात. जागाही बरोबर, मेज उत्तरेला आणि समोर दक्षिणेला दीपवृक्ष, म्हणजे आत शिरताना मेज उजव्या हाताला येतं.

आता भाकरी. बारा आहेत, सहा-सहाच्या दोन रांगा, इथपर्यंत लेवीय 24 प्रमाणे. पण त्या शेंगदाण्याएवढ्या, पावासारख्या फुगलेल्या, आणि सूचनापत्रात लिहिलंय की फेविकॉलने मेजावर पक्क्या चिकटवा!! अहो, एकेका भाकरीला दोन दशांश एफा (धान्य मोजायचं जुनं माप) सपीठ लागायचं, एफा साधारण 22 लिटरचा धरला तर एका भाकरीत दोन-अडीच किलो पीठ जातं. अशा बारा त्या मेजावर शेजारी-शेजारी मांडून बघा, मावतच नाहीत. म्हणूनच यहुद्यांच्या मिश्नामध्ये (धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात) मंदिराच्या काळातलं जे वर्णन आहे त्यात भाकर दहा मुठी लांब, पाच मुठी रुंद, कडा वर वळवलेल्या, आणि एकावर एक थप्पी लावून मधे सोन्याच्या पोकळ नळ्या ठेवलेल्या, हवा खेळती राहावी म्हणून. शिवाय ती बेखमीर असायची, पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस तसं स्पष्ट लिहितो, त्यामुळे फुगीर पाव हा प्रकारच चुकला. ही भाकर करणारं गार्मू म्हणून एक घराणं होतं आणि ते आपली कृती कोणाला शिकवत नसत, त्याबद्दल मिश्नात त्यांना नावं ठेवलीयत :) हे एवढं सगळं किटमध्ये नको, पण आकार तरी बरा द्यायचा.

आकार मी सोडूनही दिला असता. चिकटवायचं मात्र मला अजिबात पटलं नाही. ही भाकर दर शब्बाथाला (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी) बदलायची असते, जुनी काढायची, ताजी ठेवायची, रांगांवरचा धूप अग्नीत अर्पण करायचा आणि काढलेली भाकर याजकांनी, म्हणजे अहरोन आणि त्याच्या मुलांनी, पवित्र स्थानातच खायची. देव काही ती खात नव्हता, स्तोत्र 50 मध्ये तो स्वतःच म्हणतो की मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही. मिश्नात तर दोन याजक नवी भाकर आत सरकवतायत आणि समोरचे दोघे जुनी ओढून घेतायत, एकाचा हात सुटला की दुसऱ्याचा तिथे, मेज क्षणभरही रिकामं राहायला नको म्हणून. आणि गणना 4 वाचा, मुक्काम हलवतानासुद्धा निळं कापड अंथरून मेजावर भाकर तशीच राहायची आणि वरून किरमिजी कापड. हे आम्ही ब्लाउजपीसच्या तुकड्यांनी करून बघितलं, मुलांना जाम आवडलं, किटमध्ये दोन चिंध्या टाकायला काय जात होतं यांचं?

पुस्तिकेबद्दलही बोलायला हवं. मेजाचं पान उघडलं की पहिल्याच ओळीत योहान 6, जीवनाची भाकर येशू. बरोबरच आहे, आपण ख्रिस्ती लोक ते तसंच वाचतो, चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना प्रभुभोजन समजावताना याच समर्पित भाकरीची आठवण काढतो. बाभळीचं लाकूड म्हणजे मनुष्यत्व, वरचं सोनं म्हणजे देवत्व, हेही जुनं आहे, चालतं. पण पुढे चार कड्या म्हणजे चार शुभवर्तमानं वगैरे सुरू होतं तिथे मला हसू आलं, मग चार पाय कशाचे? आणि एवढं ताणूनही बारा भाकरी म्हणजे इस्राएलाचे बारा वंश, त्यांच्या वतीने देवासमोर कायम ठेवलेला करार, हे एका वाक्यातही नाही. इस्राएल लोकांसाठी ते काय होतं हे गाळून एकदम प्रभुभोजनावर उडी मारली की मुलांना वाटतं ते बिचारे कोडं मांडून बसले होते आणि उत्तर फक्त आपल्याकडे.

त्याहून मोठी गंमत म्हणजे येशूने स्वतः या भाकरीचा विषय काढला ती गोष्टच पुस्तिकेत नाही! शिष्य शब्बाथाला कणसं मोडतात, परूशी पंथाचे लोक हरकत घेतात आणि येशू त्यांना भुकेल्या दाविदाची आठवण देतो, नोब गावात अहीमलेख याजकाने त्याला याच काढलेल्या भाकरी दिल्या होत्या, ज्या फक्त याजकांनी खायच्या. मत्तयात पुढे लगेच "मला दया पाहिजे, यज्ञ नको" येतं. भाकर मेजावरून उचलून भुकेल्या माणसाच्या हातात जाते, ते मॉडेलवर दाखवायचं तर ती सुटी हवी ना. एका मुलाने विचारलंच, टीचर ही निघत नाही तर दावीद काय मेज घेऊन गेला का.

आम्ही शेवटी किटमधल्या चिकटवलेल्या भाकरी काढून टाकल्या (नखाने निघत नाहीत, पातळ कटर लागतो) आणि कणकेच्या चपट्या टिकल्या भाजून थप्प्या लावल्या, वर लोबानचे खडे. दर रविवारी एक गट बदलतो, जुन्या मुंग्यांच्या आधी टाकाव्या लागतात, त्या खायच्या लायकीच्या होत नाहीत.

पाचपैकी साडेतीन स्टार. घ्या, पण भाकरींचं पाकीट उघडूच नका आणि सोनेरी रंग स्टेशनरीवाल्याकडून वेगळा आणा, बाटलीतला कराराचा कोश (पेटी) आणि मेज रंगवेपर्यंतच पुरतो, दीपवृक्ष तसाच राहतो.