बॅटरी नवी, अपडेट बंद: २०१९ च्या फोनबरोबरचे आणखी आठ महिने

माझा फोन २०१९ चा. अँड्रॉइड ९ वर आला, पुढे १० मिळालं आणि २०२१ नंतर सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट, यायचे थांबले. गेल्या वर्षी तो ३० टक्क्यांवरच बंद पडायला लागला. टाईप करावं तर अक्षरं मागून यायची.

पहिला संशय कंपनीवर गेला. जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केल्याचं ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं; ग्राहकांना ते न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला. पण माझ्या फोनला अपडेटच येत नव्हते!

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात बॅटरी बदलून घेतली. मजुरीसकट १,२०० रुपये. बंद पडणं त्याच दिवशी थांबलं. लिथियम बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. कॅमेरा उघडला की एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज घसरतं आणि फोन मान टाकतो.

रखडणं मात्र तसंच राहिलं. ६४ पैकी ६१ जीबी भरलेले, त्यात निम्मे व्हॉट्सॲपचे व्हिडिओ. स्टोरेज काठोकाठ भरलं की नवं काही लिहिण्याआधी फोनला आतल्या आत जागा मोकळी करत बसावं लागतं. सगळे फोटो हार्ड डिस्कवर काढले, फोन रिसेट केला, मोजकीच ॲप टाकली. तेव्हापासून फोन कॉल, नकाशे, कॅमेरा, रेल्वेची तिकिटं यात कधी अडला नाही. हा फोन भंगारात द्यायला मी निघालो होतो, याचं आज वाईट वाटतं.

पॅचचं दुखणं मात्र दुकानात बरं होत नाही. सापडलेली भोकं या फोनमध्ये उघडीच राहणार, म्हणून बँकेचं ॲप आणि यूपीआय मी त्यावरून काढून टाकलं. लिनिएजओएस, म्हणजे जुन्या फोनलाही अपडेट देणारी, अँड्रॉइडवरच बेतलेली मोफत सिस्टिम टाकायचा विचार केला होता. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो आणि तशा फोनवर बँकेची ॲप बरेचदा चालत नाहीत. म्हणजे ज्यासाठी करायचं तेच हातचं जाणार.

युरोपात २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलांना, विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, तशी फोनच्या खोक्यावर शेवटच्या अपडेटची तारीख छापलेली मला हवी आहे. पुढचा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी तेच विचारणार.

मागचं पॅनेल एका कोपऱ्यात उचललं गेलंय. शनिवारी पुन्हा चिकटवून आणतो.