ओंकारेश्वरला संगमावर आम्हाला कसं गुंडाळलं, जाणाऱ्यांनी वाचून जा

उज्जैन-ओंकारेश्वर आता आपल्याकडे लोक वीकेंडला पण करतात, महाकाल करायचं, इंदूरला सराफ्यात खायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून ओंकारेश्वर. आम्ही पण तसंच गेलो होतो, मी, आई आणि मावशी. देवस्थानाबद्दल माझी काडीची तक्रार नाही हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती घाटावरच्या एका टोळीबद्दल, आणि टोळीच म्हणेन कारण एकट्यादुकट्याचं ते काम नाहीये.

आधी जागा समजून घ्या, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. ओंकारेश्वरचं मंदिर मांधाता बेटावर आहे आणि ममलेश्वराचं दुसरं मंदिर अलीकडे, नर्मदेच्या दक्षिण काठावर. गाड्या अलीकडेच थांबतात. मधे नदी आहे पण तिच्यावर दोन पूल आहेत, एक जुना आणि एक झुलता, दोन्हीवरून चालत जाता येतं, फुकट, आणि थेट मंदिरापाशी निघता. म्हणजे दर्शनाला बोट लागतच नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण पार्किंगमधे उतरल्या उतरल्या गळ्यात गमछा घातलेला एक पोरगा चिकटला आणि म्हणाला "पुल आज बंद है, भीड़ बहुत है, माताजी लोग साथ हैं, नाव से ले चलता हूँ, संगम भी हो जाएगा, छह सौ में सब". गर्दीच्या दिवशी तिथे खरंच मार्ग बदलतात त्यामुळे हे पटण्यासारखं होतं. पूल पार्किंगपासून पाच-दहा मिनिटांवर, कोणी जाऊन बघून येत नाही, त्यावरच त्यांचं पोट चाललंय.

संगम म्हणजे बेटाच्या पश्चिम टोकाला नर्मदा आणि कावेरी मिळतात ती जागा. ही कावेरी दक्षिणेतली नव्हे, तिथलीच छोटी नदी, ती नर्मदेत मिसळत नाही, बेटाला उत्तरेकडून वळसा घालून पुन्हा येऊन मिळते अशी श्रद्धा आहे. तिथे ऋणमुक्तेश्वराचं मंदिर आहे, हरभऱ्याची डाळ वाहिली की माणूस ऋणातून मोकळा होतो म्हणतात. बेटाची परिक्रमा साधारण ७ किलोमीटरची आहे, त्याच वाटेवर हे लागतं, पायी जाता येतं.

तर नावेत बसलो. नावाडी बोलायला एकदम गोड, कुठून आलात, किती जण घरात, बाबूजी नहीं आए? आई म्हणाली ते गेल्या वर्षी गेले. गोत्र कोणतं वगैरे पण गप्पांमधेच विचारून झालं. मग त्याला एक फोन आला की त्याने लावला, देव जाणे, पण तो निमाडीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, काहीतरी बोलला. मावशी रावेरकडची, तिला निमाडी बऱ्यापैकी कळते, पण इंजिनाच्या आवाजात तिला फक्त "तीन जण, एक बाई विधवा" एवढंच ऐकू आलं आणि तिला वाटलं घरच्यांशी बोलतोय. मधल्या धारेत आल्यावर कळलं की सहाशे एका सवारीचे. मी भांडायला लागलो तर त्याने इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला ठीक है, यहीं बैठते हैं. लाइफ जॅकेट कोणालाच दिलं नव्हतं. वर धरण आहे, पाणी कधी सोडतील काय, आई घाबरली, दे म्हणाली. दिले अठराशे.

संगमावर उतरलो तर गंध लावलेले एक पंडित वाटच बघत असल्यासारखे पुढे आले आणि आईकडे बघून म्हणाले "माताजी, आपके चेहरे पे दिख रहा है, घर में कोई शांत हुए हैं, साल भी नहीं भरा". आईच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. मला तेव्हाच तो फोन आठवायला हवा होता वगैरे लिहिणार नाही, समोर आई रडत असताना कोणाला काय आठवतं. त्या पंडितांचा ऋणमुक्तेश्वराच्या पुजाऱ्यांशी काही संबंध नव्हता, तिथे मंदिरात बसलेले गुरुजी वेगळे, हे आम्हाला नंतर कळलं.

आता खरी गंमत ऐका, यासाठीच लिहितोय. त्यांनी आईच्या ओंजळीत पाणी, अक्षता, फूल दिलं, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले मी बोलतो ते मागून म्हणा. संस्कृत, हिंदी, संस्कृत, असं भराभर, नाव, गोत्र, नर्मदातटे, पितरांची नावं, आई बिचारी भक्तिभावाने म्हणतेय, आणि त्या ओघात "इक्यावन सौ रुपये अन्नदान का संकल्प करती हूँ" हे पण तिच्या तोंडून वदवून घेतलं आणि लगेच हातातलं पाणी सोडायला लावलं. पाणी सुटलं की संपलं. मी म्हटलं एवढे नाही देणार तर म्हणे आम्ही कुठे मागतोय, माताजींनी नर्मदामैयाला साक्षी ठेवून बोलल्यात, संकल्प अधुरा राहिला तर पितरांना दोष लागतो. आणि हे मला नाही, आईला सांगत होते. बाकीचे दोघं तिघं जण आजूबाजूला येऊन उभे राहिले, कोणी धमकी नाही, काही नाही, फक्त उभे.

घासाघीस करून एकवीसशेवर मिटलं. कॅश नाही म्हटलं तर तांब्याला बांधलेलं लॅमिनेट केलेलं क्यूआर कार्ड पुढे. स्कॅन केलं तर नाव आलं कुठल्याशा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. पावती मागितली तर "दान की रसीद नहीं होती". डाळीचं वेगळंच, तीन पिढ्यांचं ऋण म्हणून प्रत्येकी तीन पुड्या घ्यायला लावल्या, आणि आम्ही घाटावर वाहिलेली डाळ आमच्यासमोर सुपात भरून परत टोपलीत गेली.

परत आलो तर पूल चालू! माणसं आरामात ये-जा करत होती. त्याच ठिकाणी जळगावकडचं एक कुटुंब नावेत चढत होतं, मावशी तिथूनच ओरडली "अहो दादा, पूल चालूय, चालत जा, फुकट आहे!" गमछावाला तिच्याकडे असं बघत होता की विचारू नका. ते लोक उतरले पण.

नंतर ममलेश्वराला गेलो. तिथे अहिल्याबाई होळकरांच्या काळापासून मातीची छोटी शिवलिंगं करून पार्थिव पूजा करायची परंपरा आहे. एका वयस्कर गुरुजींना सगळं सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, संकल्पात दक्षिणा "यथाशक्ति" म्हणतात, आकडा कोणी वदवून घेत असेल तर तिथेच ओंजळ मिटा आणि उठा, पाणी सोडू नका. आईला त्यांनी सांगितलं की तुमच्यावर कसलंही ऋण नाही, तेव्हा कुठे ती जेवली.

म्हणून करायचं असं की आधी पुलापर्यंत स्वतः चालत जायचं, कोणी काही सांगो. नाव करायचीच असेल तर रेट अख्ख्या नावेचा की माणशी हे बसायच्या आधी मोबाईलवर रेकॉर्ड करत विचारा, आपोआप सरळ उत्तर येतं, आणि जॅकेट नसेल तर बसू नका. घरात कोण गेलं, गोत्र काय, हे नावाड्याला, ड्रायव्हरला, फुलवाल्याला कोणालाच सांगू नका. दक्षिणा आधी ठरवा. "व्हीआयपी दर्शन करवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात पैसे न देता देवस्थानच्या काउंटरवर जाऊन पावती घ्या. रात्री थांबणार असाल तर भक्तनिवासाच्या नावाच्या खोट्या साइट्स नेटवर आहेत, आमच्या सोसायटीतल्या एकांनी व्हॉट्सअॅपवर आलेल्या नंबरला अॅडव्हान्स पाठवला आणि तिथे गेल्यावर बुकिंगच नाही. असं झालं तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आमच्या केसमधे त्याचा उपयोग नव्हता, आपण स्वतःच्या हाताने "दान" दिलेलं असतं ना.

थांबलात तर शयन आरती मात्र बघाच, आरतीनंतर देवासमोर सारीपाट मांडून ठेवतात, रात्री शंकर-पार्वती खेळायला येतात म्हणून. तेवढं बघून आईचा मूड जरा सुधारला.

आणि हो, नर्मदेश्वर शिवलिंग घेणाऱ्यांनो, नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर हे खरंच पण दुकानातले गुळगुळीत, एकसारखे बाण, म्हणजे हीच लिंगं, बहुतेक मशीनवर घासून पॉलिश केलेले असतात, खरगोन जिल्ह्यातलं बकावां गाव त्याच धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. कारागिरी चांगली असते, घ्यायला हरकत नाही, पण "स्वयंभू" म्हणून चौपट पैसे देऊ नका. मावशीने एका दुकानदाराला विचारलं, भैया ये नदी से निकला है या मशीन से, तर तो म्हणाला, दोनों से, माताजी.