निकोटिनला गम आहे, टपरीला काय? : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी हिशेब सांगून टाकतो. वय ४२. अठरा वर्षं सिगारेट, दिवसाला १०-१२, नाईट असली की पाकीट सकाळपर्यंत संपायचं. नाशिकला सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे. सोडून नऊ महिने झाले. मध्ये एकदा दोन झुरके मारलेत, ते खाली येईलच, लपवणार नाही. याआधी चार वेळा सोडली होती. त्यातली सर्वात मोठी खेळी डेंग्यूनंतरची, ६१ दिवसांची. तेव्हा हे लिहिणारा माणूस तज्ज्ञ वगैरे नाही, पाचव्यांदा परीक्षेला बसलेला आहे.

सोडली ती पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी. बायको म्हणाली, पितृपक्षात काही नवीन सुरू करत नाहीत. म्हटलं, मी सुरू कुठं करतोय, बंद करतोय.

मला सांगायचंय ते सोबतीबद्दल. म्हणजे बरोबरीनं सोडणाऱ्या माणसांबद्दल. कारण औषधं, निकोटिनचं गम (सिगारेटऐवजी चघळायचं), इच्छाशक्ती हे सगळं आधीच्या चार वेळीही कमीजास्त होतंच. नव्हती ती माणसं. आणि गंमत अशी, की सिगारेटला माणसं भरपूर होती. पहिल्या शिफ्टला साडेनऊचा चहा, गेटबाहेरची टपरी, "चल, एक मारून येऊ". तिथंच कळायचं कुणाचं इन्क्रिमेंट अडकलंय, कुठलं मशीन बंद पडलंय, कोण राजीनामा देतोय. सिगारेट सोडली की निकोटिन तर जातंच, पण ही साडेनऊची सभासुद्धा जाते. निकोटिनला गम मिळतं. सभेला पर्याय मेडिकलमध्ये मिळत नाही. तिसऱ्या प्रयत्नात मी २२व्या दिवशी परत पेटवली ती तलफ आली म्हणून नव्हे. सगळे बाहेर हसत होते आणि मी आत एकटा डबा उघडून बसलो होतो, म्हणून.

चौथ्या प्रयत्नाला एका मोठ्या व्हॉट्सॅप ग्रुपात होतो. नाव सांगत नाही, दीडेकशे माणसं होती. सकाळी उठून आकडा टाकायचा: दिवस ८, दिवस ९. खाली टाळ्या, दंड, फुलं. अधूनमधून कुणीतरी काळ्या फुफ्फुसाचे फोटो टाकायचा, ते बघून मला सिगारेट ओढावीशीच वाटायची. या ग्रुपात मी ११ दिवस खोटं बोललो. पंधराव्या दिवशी ओढली होती आणि तरी दिवस १६, दिवस १७ असं टाकत राहिलो. टाळ्या येत होत्या ना! मग एक दिवस गुपचूप बाहेर पडलो. आज मागे वळून बघतो तर वाटतं, त्या दीडेकशे लोकांत असे माझ्यासारखे किती असतील. ज्याचं बरं चाललंय तोच बोलतो, ज्याला गरज आहे तो गप्प होतो, मग "लेफ्ट" होतो. कुणी विचारायलाही जात नाही.

या वेळी सुरुवात तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनपासून केली. १८००-११-२३५६ हा नंबर २०१८ पासून पाकिटावर छापलेला असतो. मी तो अंगठ्याखाली झाकून काडी पेटवायचो. फोन केला, मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली ओढता? पाच मिनिटांत, म्हटलं. मग तारीख ठरवून घेतली आणि त्या तारखेच्या आसपास त्यांचेच फोन आले. मोफत आहे, जरूर करा. पण ती सेवा दिवसा, आणि माझी तलफ पहाटे तीनला, नाईटच्या दुसऱ्या ब्रेकला.

पुढची पायरी म्हणजे एका सरकारी दवाखान्यातलं तंबाखू समुपदेशन केंद्र. तिथं पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण, त्यातले दहा तंबाखू-चुनावाले. हे नवल नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खाण्या-लावण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के निघाले होते. त्यामुळे बोलणं सगळं डबी, चुना, गालातला चट्टा यावर. ते योग्यच होतं, पण आमचं दुखणं वेगळं. आम्ही चौघे धूरवाले शेवटच्या बाकावर एकमेकांकडे बघत होतो. बाहेर आलो, सवयीनं टपरीकडे वळलो, आणि चहा घेऊन नुसते उभे राहिलो. हात कुठं ठेवायचे कळेना. तिथंच नंबर दिले-घेतले.

एक काका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे सिन्नरचे. त्यांच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या आणि यांनी आयुष्यभर ओढल्या. एक ताई, बँकेत अधिकारी, पस्तिशीच्या. एक पोरगा, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, २७ वर्षांचा. आणि मी. ठरवून कुणी असे चार निवडले नसते.

नियम केले नाहीत, होत गेले. फोन ओढायच्या आधी करायचा. उचलणाऱ्यानं उपदेश करायचा नाही, काहीही बोलत राहायचं. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांत ओसरते हे केंद्रात सांगितलेलं होतं, पण ती पाच मिनिटं घालवायची कशी हे कोण सांगणार? पहिल्या आठवड्यात मी काकांना पहाटे तीनला उठवलं. शिवी खायची तयारी ठेवली होती. काका म्हणाले, "थांब, इगतपुरी सोडतो." आणि मला कसारा घाट उतरवायला लागले. गाडी भरलेली, पाऊस, समोर धुकं, काच पुसायचा वायपर बंद. ज्या गिअरला गाडी चढते त्याच गिअरला उतरवायची, न्यूट्रल करायची नाही. कसाऱ्याला पोचेपर्यंत माझा ब्रेक संपला होता. तेव्हापासून आमच्यात तलफ आली असं कुणी म्हणत नाही. "घाट आलाय" म्हणायचं. ताईसुद्धा म्हणतात.

ताईंचं प्रकरण मला शिकवून गेलं. मी टपरी सुटल्याचं रडत होतो, त्यांना टपरीच कधी मिळालेली नव्हती. पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून, मग वेलदोडा, मग सेंट, मग लिफ्टमध्ये श्वास रोखून. बारा वर्षं घरात कुणाला पत्ता नाही. म्हणजे सोडतेय हेही कुणाला सांगता येत नाही, चिडचिड का होतेय हेही नाही. घरी सासूबाई असताना त्या बोलू शकत नाहीत, म्हणून ग्रुपवर नुसतं एक टिंब टाकतात. मग आमच्यापैकी कुणीतरी फोन करून ऑफिसचं बोलतो. मी एकदा सात मिनिटं त्यांना कर्जाचे हप्ते विचारत होतो. त्यांनी खरोखर सगळं गणित करून सांगितलं.

आता घरच्यांच्या आधाराबद्दल. बायको वाईट नाही, पण पहिल्या महिन्यात ती पोलीस झाली आणि मी चोर. शर्टाचा वास घेणं, खिसे बघणं. त्यामुळे खरं सांगावंसं वाटेना. शिवाय काही गोष्टी बायकोला आणि डॉक्टरला विचारत नाही माणूस. सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार मी कुणापुढे मांडणार? काकांनी आपणहून विचारलं, "सकाळचं कसं चाललंय?" सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं, बहुतेकांना काही दिवसांचं असतं, गरम पाणी पी आणि चाल. तोंड आलं, रात्री स्वप्नात सिगारेट ओढून घाबरून उठलो, वजन पाच किलोनं वाढलं. प्रत्येक वेळी चौघांतल्या कुणाचं तरी तेच आधी होऊन गेलेलं असायचं. दुसरा-तिसरा दिवस सर्वात वाईट हे मात्र चौघांचंही एकच.

गमबद्दल थोडक्यात, कारण मी ते महिनाभर चुकीचं खाल्लं. ते साध्या च्युइंगगमसारखं चावत राहायचं नसतं. हळू चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. मी कचाकचा चावायचो, मग उचक्या आणि छातीत जळजळ. चहा-कॉफीच्या लगेच आधी किंवा बरोबर घेतलं तर नीट शोषलंही जात नाही. टपरीवर चहासोबत गम चघळत "काही उपयोग नाही राव" म्हणणारा तो मीच.

तोटेही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल.

पहिला तोटा, सोबतीला डॉक्टर समजायचं नाही. पोराकडे बुप्रोपिऑनच्या, म्हणजे सिगारेट सोडायला डॉक्टर देतात त्या गोळ्यांची अर्धी पट्टी उरली होती. "दादा घ्या, भारी आहे," म्हणून त्यानं माझ्या हातात ठेवली. मी घेणारही होतो. केंद्रातल्या डॉक्टरांना सहज बोललो, त्यांनी पहिलं विचारलं, कधी फिट आली होती का? लहानपणी यायच्या. पट्टी तिथल्या तिथं काढून घेतली. फिटचा इतिहास असेल त्यानं ते औषध घ्यायचंच नसतं. पोरगा औषधंच विकतो, तरी त्याला हे विचारायचं सुचलं नाही, आणि मला सांगायचं.

दुसरा तोटा मोठा. सोबत दोन्ही बाजूंनी ओढते. चौथ्या महिन्यात पोराचं टार्गेट हुकलं. मुंबई-आग्रा रोडवरच्या एका ढाब्यावर त्यानं मला बोलावलं. मी घाट उतरवायला गेलो आणि त्यानं समोरच पेटवली. अर्धी झाल्यावर पुढं केली. अठरा वर्षांत अर्धी-अर्धी करायची सवय हाताला लागलेली, हात आपोआप गेला. दोन झुरके. चक्कर आली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. सकाळी काकांना फोन केला. "किती?" एवढंच विचारलं. दोन झुरके, म्हटलं. "गाडी घासली, पलटी नाही झाली. डेपोत आण." त्या दीडेकशे माणसांपुढे मी हे सांगितलं नसतं, आणि सांगितलं नसतं तर संध्याकाळी पाकीट घेतलं असतं. पोरगा मात्र त्यानंतर गायब. फोन उचलेना. आम्ही आठवड्याला एक फोन करत राहिलो, रागावून नाही, नुसता वाजवायचा.

केंद्रात फुंकर मारायचं एक यंत्र आहे, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड दाखवतं. ओढणाऱ्याचा आकडा साधारण दहाच्या वर जातो. माझा पहिल्या दिवशी १९ होता, काकांचा २३, आता दोघांचाही ३. काकांना हा आकडा म्हणजे बोर्डाचा निकाल वाटतो. पण ते यंत्र फक्त शेवटच्या एखाद्या दिवसाचं बोलतं. एक दिवस दम धरला की त्यालाही फसवता येतं. आवाजाला फसवता येत नाही. मी "हॅलो" म्हटलं की काकांना कळतं.

पैशांचं म्हणाल तर मला तेव्हा एक १८ रुपयांना पडायची, दिवसाला १२ धरल्या तर महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. हे मला टपरीवाल्यानंच सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा टपरीवर जायला लागलो, फक्त चहाला. त्यानं सवयीनं सिगारेट आणि काडेपेटी काढून ठेवली, मी नको म्हटलं. असं आठवडाभर. शेवटी वैतागून म्हणाला, "भाऊ, तुमच्यामुळं माझे महिन्याचे साडेसहा हजार गेले." सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण ती आठवण करून देण्याइतका मी तेव्हाही मोठा झालो नव्हतो. जायला लागलो ते मात्र बरं केलं. साडेनऊची सभा परत मिळाली. धुराच्या वाऱ्याच्या उलट बाजूला उभा राहतो एवढंच. हे पहिल्या महिन्यात करू नका. मला ते जमलं ते रविवारची दुसरी सभा मिळाली म्हणून.

रविवारी सकाळी आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. सुरुवातीला काका अर्ध्यात बसायचे, मी त्यांच्या निमित्तानं बसायचो. आता वरपर्यंत बोलत जातो. मग मिसळ. नाशिककराला सांगायला नको, मिसळ, वर चहा, आणि त्यानंतरची सिगारेट. नऊ महिने झाले तरी तो क्षण मला अजून जड जातो. म्हणून तिथं एकट्यानं जायचं नाही असं ठरलंय. ताई बिल देईपर्यंत कुणी उठत नाही.

कुणी घ्यावा हा अनुभव? ज्याची सिगारेट एकट्याची आहे, त्याला कदाचित समुपदेशक पुरेल. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था, तिचा २०१७ चा आढावा साधारण असं सांगतो: स्वतःच पुस्तिका वाचून सोडण्यापेक्षा गटात सोडणाऱ्यांना जास्त यश येतं, पण एकेकट्यानं घेतलेल्या समुपदेशनापेक्षा गट सरस असं काही दिसलेलं नाही. ज्याची सिगारेट चारचौघांतली होती, त्यानं चारचौघं शोधावीत. शंभर नकोत, चार. आणि त्यात एक तरी तुमच्यापेक्षा महिनाभर पुढं असलेला हवा. दहा वर्षांपूर्वी सोडलेला नको, तो फार गोड हसतो.

परवा पहिला पाऊस झाला. टपरीचं पत्र्याचं छप्पर, वाफाळता चहा, सगळे छपराखाली दाटीनं उभे आणि सगळ्यांच्या हातात. मी कपातला चहा अर्धा टाकून आत आलो. त्याच रात्री पावणेबाराला फोन वाजला. पाच महिन्यांनी पोराचा. "दादा, घाट आलाय," एवढंच बोलला. मला काकांसारख्या एसटीच्या गोष्टी येत नाहीत. मी त्याला सीएनसी मशीनवर टूल ऑफसेट कसा घेतात ते सांगायला लागलो. नऊ मिनिटं.

"दादा, लई बोअर आहे हो हे," म्हणाला. पण फोन ठेवला नाही.