काचपेटी उत्तम, बेडकांबाबतचा सल्ला अपुरा

डार्ट बेडूक, म्हणजे जंगलात विषारी असणारे छोटे रंगीत बेडूक, पाळण्याचा विचार पक्का झाल्यावर काचपेटी बनवून घेण्यासाठी मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतील मत्स्यालयांच्या एका दुकानात गेलो. पेटीचे काम उत्तम आहे. तळाशी पाणी निथळण्यासाठी खड्यांचा थर, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि बेडकांना खायला सोडलेल्या फळमाश्याही निसटणार नाहीत इतके घट्ट झाकण.

जातींची माहिती मात्र अपुरी होती. लहान आकारामुळे दुकानदारांनी रानितोमेया इमिटेटर सुचवला. परंतु जेमतेम २ सेंटिमीटर वाढणाऱ्या, पेरू देशातील या बेडकाला अतिशय बारीक खाद्य सतत पुरवावे लागते, त्यामुळे नवख्याने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, ३ ते ४ सेंटिमीटरचा, धीट ल्युकोमेलास जातीचा डार्ट बेडूक निवडावा, असे माझे मत आहे. विषाची भीती दोघांबाबतही नको, कारण ते विष जंगलातील मुंग्यांसारख्या बारीक जीवांच्या आहारातून येते आणि बंदिस्त जागेत जन्मलेल्या पिढीत ते नसते.

खरी भीती उन्हाची आहे. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि या बेडकांना साधारण २२ ते २६ अंश लागतात. तरीही खोली थंड ठेवण्याचा विषय दुकानात निघालाच नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. मात्र हे बेडूक साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने वन्यजीव कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी आवश्यक आहे, हे दुकानदारांनी आपणहून सांगितले आणि कागदपत्रांशिवाय प्राणी मागवून देण्यास ठाम नकार दिला, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.