फोंड्यातला हॅम रेडिओचा रविवारचा क्लास: लायसन्सचे नियम इथे पहिल्यांदा नीट कळले

आठ रविवार, सकाळी नऊ ते साडेबारा, फी साडेतीन हजार, जागा म्हणजे सरांच्या घराच्या गच्चीवरची पत्र्याखालची खोली. मी जुलैच्या बॅचला होते, गणेश चवथीच्या आधी क्लास संपला आणि आता दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर परीक्षेचा अर्ज टाकून बसलेय. ज्यांना हॅम लायसन्स, म्हणजे हौस म्हणून स्वतःचा रेडिओ सेट लावून दुसऱ्यांशी बोलायचा सरकारी परवाना, काढायचंय पण नक्की काय बदललंय ते कळत नाहीये, त्यांनी हे वाचा.

मी यात पडले ते तौक्तेमुळे. मे २०२१ ला वादळ गेलं तेव्हा आमच्याकडे तीन दिवस लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नाही, आई काणकोणला एकटी आणि मी म्हापशात. तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून निरोप आला की घरावर माड पडला नाही, ती बरी आहे. ते तीन दिवस मी विसरणार नाही. त्यानंतर कुठेतरी वाचलं की २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओसाठीच अंदमानला गेलेले होते आणि त्यांच्या सेटवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. तेव्हाच ठरवलं की हे आपल्याला यायलाच पाहिजे.

पण सुरुवात चुकली. आधी एका ऑनलाइन कोर्सला दोन हजार भरले, नाव घेत नाही. त्यांचे व्हिडिओ जुनेच, त्यात ग्रेड वन, ग्रेड टू, आणि मोर्स (लांब-आखूड आवाजांची खुणेची लिपी) यायलाच पाहिजे म्हणून सांगितलेलं, मी रोज रात्री जेवणं आटपली की तीन आठवडे डिट-डा करत बसले. फोंड्याच्या क्लासात पहिल्याच रविवारी कळलं की मला जे लायसन्स पाहिजे त्याला मोर्स लागतच नाही. खरंच रडू आलं. त्या ऑनलाइनवाल्यांना मेल केला तर उत्तरसुद्धा आलं नाही.

आता क्लासबद्दल. सर जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, १ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांवर संकटात मदत मागायची नवी रेडिओ यंत्रणा, जीएमडीएसएस, पूर्ण लागू झाली आणि मोर्सचं काम संपलं तोवर ते समुद्रावरच. त्यामुळे हात बसलेला आहे, पण मला त्याहून जास्त आवडलं ते त्यांचं नियम शिकवणं. बाकीचे लोक नियमाचं सेक्शन पाठ करून टाका म्हणतात, हे तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी फक्त त्यावरच बसले, आणि आधी काय होतं, आता काय आहे, कशामुळे बदललं असं करत गेले.

मला समजलं ते असं. आपले मूळ नियम १९७८ चे, अमॅच्युअर सर्व्हिस रुल्स, त्यात नंतर दुरुस्त्या झाल्या. आता दोनच ग्रेड, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, पॉवर ५० वॅटपर्यंत, कॉलसाइन, म्हणजे हवेवर आपली ओळख सांगायचं सरकारी नाव, व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स, पॉवर ४०० वॅटपर्यंत, कॉलसाइन व्हीयू२. मोर्सची सक्ती सैल का झाली तेही सरांनी सांगितलं, २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं की मोर्स ठेवायचं की नाही ते ज्या त्या देशाने बघावं. वय १२ पूर्ण पाहिजे, माझा भाचा सातवीत आहे, पुढच्या बॅचला त्याला घालणार. आणि एक गोष्ट सगळेच घोळतात, पास झालात म्हणजे झालं असं नाही, सर्टिफिकेट वेगळं आणि स्टेशनचं लायसन्स वेगळं.

सगळ्यात जास्त भीती होती ती नव्या कायद्याची. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ आला, १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा त्याने रद्द ठरवले, म्हणून आमच्यातल्या एका बायला वाटत होतं की तिच्या नवऱ्याचं लायसन्स गेलं. सरांनी कायद्याची प्रत काढून कलम ३ वाचून दाखवलं, पेन्सिलने खुणा केलेली प्रत, कोपरे दुमडलेले. ज्या लायसन्सवर मुदत लिहिलीय ते त्या मुदतीपर्यंत चालतं, ज्यावर मुदतच नाही त्याला पाच वर्षं. आणि जुने नियम, नवीन त्यांची जागा घेईपर्यंत, लागू राहतात. नव्या कायद्यात लायसन्सच्या जागी ऑथरायझेशन हा शब्द आहे, लोक त्या शब्दालाच घाबरतात. बायने घरी फोन लावून मुदतीची तारीख बघायला सांगितली, आणि २० वर्षांचं लायसन्स आहे कळल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

बॅचमधे एक बोट चालवणारा मुलगा होता, त्याने ऑनलाइन स्वस्तातला चायनीज हँडसेट घेतलेला, लायसन्स कशाला पाहिजे म्हणायचा. सरांनी त्याला शांतपणे समजावलं की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी पॉवरच्या सेटना सूट आहे, पण त्याचा सेट १४४ ते १४६ वर ट्रान्समिट करतो आणि ते विनालायसन्स चालत नाही. २०२५ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्यांसाठी नियमावली काढली तीही दाखवली. मुलाने सेट बंद करून बॅगेत टाकला आणि परीक्षेचा अर्ज मागितला.

प्रॅक्टिकल कमी आहे पण जे आहे ते छान. पितळेच्या दोन सळ्या, प्रत्येकी ४९ सेंटिमीटर, मधे प्लास्टिकचा तुकडा, कोॲक्स केबलची आतली तार एका सळीला आणि जाळी दुसरीला सोल्डर केली, झाला १४५ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे साधी अँटेना. माझा पहिल्यांदा एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) तीनच्या वर होता, सळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर कापत कापत दीडवर आणला, तासभर गेला. सरांचा ७ मेगाहर्ट्झचा डायपोल भाटातल्या दोन माडांमधे वीस मीटर ताणलाय, शेवटच्या रविवारी त्यांनी हाक दिली आणि सांगलीहून एकाने उत्तर दिलं, आम्ही सगळे फक्त ऐकत होतो कारण आमच्याकडे लायसन्स नाही. मी आधीच मधे बोलायला लागले तर सर म्हणाले, "पयलीं आयक, मागीर उलय", म्हणजे आधी ऐक, मग बोल. आणि त्यांनीच सांगितलं की पोर्तुगीज काळात गोव्याच्या कॉलसाइनची सुरुवात सीआर८ ने व्हायची, ते ऐकून अंगावर काटा आला.

कमी काय तर नोट्स सगळ्या इंग्रजीत, मराठी माध्यमातल्या मुलांना नियमाचा भाग जड जातो, सर बोलताना मराठी-कोंकणीत सांगतात म्हणून निभतं. जोराचा पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज की मोर्स ऐकूच येत नाही, त्यामुळे जनरल ग्रेडवाल्यांनी ऑक्टोबरनंतरची बॅच घ्यावी. सरावाचे पेपर दोनच मिळाले, अजून चार पाहिजेत. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात, जनरलला ५० आणि ५५, म्हणजे एका भागात चांगले मार्क घेऊन दुसरा ढकलता येत नाही.

पाचपैकी साडेचार देईन. जाताना छत्री आणि कोरडी वही न्या, गच्चीच्या जिन्यावर पाणी साचतं. फोंडा बसस्टँडवरून चालत दहा मिनिटं, आणि सर फोनवर आधी विचारतात की तुम्हाला कोणत्या ग्रेडचं पाहिजे, ते ठरवूनच फोन करा.