‘सगळ्या सायकलींना बसतो’ म्हणे!

नुसती हँडलबारला टांगलेली बॅग डुलते, वळताना हँडल जड लागतं. म्हणून ती खाली पुढच्या कॅरिअरवर टेकवायचं ठरवलं. विचार बरोबरच होता: वजन कॅरिअरने पेलायचं, आणि वर स्टेमपाशी (हँडलबार धरणाऱ्या जोडापाशी) एक छोटा ब्रॅकेट (त्याला डेकालर म्हणतात) बॅगेला फक्त हलू देत नाही. घोळ मालात झाला.

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं, ‘स्टेनलेस स्टील, १० किलो, सगळ्या सायकलींना बसतो.’ तिथेच कान टवकारायला हवे होते. पुढचा कॅरिअर सगळ्यांना बसत नसतोच. कुठला फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी चिमट्याच्या) माथ्यावरच्या ब्रेकच्या भोकात आणि पायांवरच्या आट्यांच्या भोकांत बसतो, कुठला कँटिलिव्हर ब्रेकच्या खुंट्यांवर. माझ्या फोर्कच्या पायांना भोकंच नाहीत. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे “क्लॅम्प (पायाभोवती आवळायची पकड) देतो की सोबत!” फोर्क स्टीलचा की कार्बनचा, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. कार्बनवर असा क्लॅम्प आवळला तर फोर्कच खलास. माझा स्टीलचा, म्हणून निभावलं.

तिसऱ्या आठवड्यात वेल्डिंगपाशी तांबूस डाग दिसले. चुंबक लावला, तर खटकन चिकटला. ३०४ जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवते. इथे चुंबक नखाने उचकटावा लागला. साधं लोखंड, वर चकचकीत मुलामा! १० किलोचा शिक्काही कुठे नाही. आयएसओ ११२४३ या मानकाप्रमाणे बनवलेल्या कॅरिअरवर किती वजन चालेल ते नोंदलेलं असावं लागतं, हे मला नंतर कळलं.

मग एका खड्ड्यात डावी काडी तुटली. बॅगेत तीन किलोही नव्हते. वेग कमी होता म्हणून बरं, नाहीतर कॅरिअर चाकात घुसून चाक जागीच अडकलं असतं आणि मी हँडलवरून पुढे.

विक्रेत्याचं म्हणणं, “तुम्ही बोल्ट जास्त आवळला. एकदा बसवलेला माल परत होत नाही.” खोकं उघडल्या उघडल्या पाना घेऊन बसलो, ही चूक माझीच. आधी चुंबक लावून, शिक्का शोधून, त्याचे फोटो काढून ठेवले असते, तर भांडायला काहीतरी हातात असतं.

जाहिरात अजून आहे. परवा मित्राच्या खात्यावरून विचारलं, “कॅरिअरला चुंबक लावून एक फोटो पाठवता का?”

“चुंबक कशाला?” एवढंच उत्तर आलं. फोटो अजून यायचाय.